झाकणाच्या आत

शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात
चोरिसांवच्या माळा, सुके बांगडे ओलांडून,
जिथे गोणपाटावर फुटके पेले, गंजक्या चाव्या,
कुणाच्या तरी लग्नातले काटे-चमचे
मांडून बेनेदिता बसते,
तिथे बिस्किटांच्या डब्यात
सात घड्याळं होती. सगळी बंद.

महिनाभर वाचून आले होते मी.
आधी तबकडी बघ, मग काटे, मग चावी,
कानाला लाव,
आणि झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नकोस.
उन्हात उकिडवी बसले आणि सगळं विसरले.
एक उचललं. पाठीवर लिहिलेलं, स्टेनलेस स्टील.
(ते फक्त पाठीपुरतं खरं असतं,
हे नंतर कळलं.)
तबकडीवर नावाची पहिली तीन अक्षरं,
पुढची ओल खाऊन गेली होती.

"बायलांचें?"
"ना गे, दादल्याचें. आदीं इतलींच ल्हान आसतालीं."

माझ्या मनगटावर नेमकं बसलं.
चावी दिली, दोनदाच, भीत भीत,
आणि ते अंगठ्याखाली
जागं झालं.
बाराशे. मी घासाघीससुद्धा केली नाही.

शांबा करमलीचं दुकान म्हणजे
फार्मसीच्या जिन्याखालची खाच.
मांडीवर टॉवेल पसरलेला,
स्क्रू पडला तर जमिनीने गिळू नये म्हणून.
भिंग डोळ्यात खोचून त्याने पाहिलं
आणि डॉक्टर नातेवाइकांकडे न बघता बोलतो
तसं बोलू लागला:

तबकडी मुंबईत रंगवलेली. अक्षरं जाड,
सहाच्या खालचं 'स्विस' डावीकडे कललंय.
चावी जपानी.
केस पितळेची, क्रोम उडालं, कडेला पिवळं बघ.
मिनिटकाटा दुसऱ्याच घड्याळाचा,
आखूड. रेषेपर्यंत पोचतच नाही.

"मग ह्यात खरं काय?"
तो काही बोलला नाही. सुरीच्या टोकाने
झाकण उचललं, तिसऱ्याचा शिंपला उघडावा तसं.

आत तांबूस पट्ट्या, सतरा माणकं,
आणि ते चाक, जातंय, येतंय, जातंय,
केसाएवढ्या कमानीवर.
त्याच्याखाली, जिथे बोट जात नाही,
इवलासा ठसा आणि तीन आकडे.
"हें ताचें नांव," शांबा म्हणाला.
"वरचं काय, रंगारी लिहील ते."

मग झाकणाची आतली बाजू उजेडात धरली.
ओरखडे. मला वाटलं नुसतेच ओरखडे.
पण ज्याने ज्याने उघडलं
त्याने त्याने सुईने तारीख कोरलेली.
एक अठ्ठावन्नची, पोर्तुगीज वळणाची, शेपटीवाल्या सातासकट.
एक पुसट.
एक: एस. के., १४-३-७९.

शांबा थांबला. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.
"हें अक्षर म्हजें."
आणि मग, कानाच्या पाळ्या लाल होत:
"हो कांटोय हांवेंच घातला."

कुणी तारवटी असणार. मुंबईत बोट गाठायची असणार.
बरोबरचा काटा यायला पंधरा दिवस, आणि बोट
पंधरा दिवस थांबत नाही.
नाव? छे.
तेव्हा बाप बाजूला बसायचा.
बापाने पाहिलं असतं तर हात तोडला असता,
म्हणून तो जेवायला गेल्यावर बसवला.

"आता बदलतो. पैसे नकोत."
ड्रॉवरमागून ड्रॉवर. औषधांच्या बाटल्यांत काटे,
कापलेल्या नखांसारखे, शेकड्यांनी,
एकही हा नाही, एकही हा नाही,
तोवर एक वाजला
आणि म्हापशात एक म्हणजे शटर.

"फुडल्या शुक्रारा यो."
पण झाकण दाबण्याआधी सुई घेतली,
जुन्या तारखेच्या बाजूला आजची कोरली.
ह्या खेपेला आकडे थरथरले.
त्याने ते पाहिले. मीही.

हळदोण्याच्या बसमध्ये शेजारच्या बाईने
वेळ विचारली.
मनगट वळवलं. काटा
रेषेच्या अलीकडेच.
"दीड वाजत आलाय," म्हटलं,
"असेल."